आखाजीच्या दिवशी खोललेलं स्टिअरिंग

लायसनची टेस्ट घेणारे आरटीओचे इन्स्पेक्टर साहेब गाडीतून उतरले, दार आपटलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या या बाईंना सरळ रेषेत गाडी नेता येत नाही. हात स्थिर नाही. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी परत आणा."

विमलअक्का स्टिअरिंग धरून तशाच बसून होत्या. पन्नाशीची, सोनगीरकडच्या शेतकरी घरातली बाई.

धुळ्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. एकच जुनी फियाट, शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा क्लच आणि ब्रेक बसवलेली. "बाई गाडी शिकवणार?" असं विचारणारे रोज भेटत. मी म्हणायची, "गाडीच शिकवते, मी फक्त रागावते."

अक्कांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता. घरची जीप शेडमध्ये उभी. तिच्यातूनच मिरची आणि कांदा बाजारात जायचा. आता जीपची चावी दिराच्या खिशात होती आणि त्याने गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. "आखाजीनंतर लायसन दाखवा, चावी घ्या. नाही तर जीप गेली," असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं. जीप गेली की बाजारात न्यायच्या प्रत्येक पोत्यासाठी दिराच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार, हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं.

परतताना मी विचारलं, "अक्का, नेमकं काय होतं?"

"बाई, मन्हा हात नही कापत. आठे कासराच ढिला शे. ओढा ते बैल ऐकस नही, मंग एकदम वळस."

जन्मभर बैलांचा कासरा धरून गाडी हाकलेली बाई ती. तिचा हात कापतो म्हणे! मी स्वतः स्टिअरिंग घेतलं. शिकाऊ लोकांबरोबर माझं लक्ष रस्त्यावर आणि त्यांच्या पायांवर असायचं. आता नुसतं स्टिअरिंग चाचपलं. थोडं फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही, आणि मग गाडी झटकन बाजूला. आमच्या भाषेत याला प्ले म्हणतात. अक्कांनी अचूक सांगितलं होतं.

गाडी तडक भिका मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. त्याने बॉनेट उघडून स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. "झालं मॅडम. बॉक्स टाइट केला. बाकी मग हाताचा प्रश्न."

स्टिअरिंग जड झालं, पण लहरणं तसंच. शिवाय वळणानंतर ते आपोआप सरळ येईना. दुखतंय गुडघा आणि मलम लावलं कपाळाला, अशातली गत. पुन्हा गॅरेजला जाईपर्यंत आखाजी उजाडली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि पुरुष पत्ते कुटतात. भिका मिस्त्री गॅरेजच्या ओट्यावर डाव मांडून बसला होता. टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी.

"भिकाभाऊ, एकदा गाडीखाली तरी बघा."

त्याने पानांवरून नजर काढली नाही. "आज आखाजी शे मॅडम. आज मी फक्त पत्तासले हात लावस."

माझं डोकं सणकलं. माझे वडील बस डेपोत फिटर होते. सुट्टीत त्यांच्याबरोबर मी गाड्यांखाली लोळून वाढले होते. म्हटलं, बस खेळत! गाडी घरी आणली आणि पदर खोचला.

आमच्या अंगणात लिंबाला झोका होता, माझ्या दोन्ही नणंदा माहेरी आलेल्या. अक्काही सणाला भावाकडे धुळ्यातच होत्या. निरोप मिळताच आल्या. प्ले शोधायचा तर चाकांवर वजन हवं. गाडी जॅकवर उचलली की झिजलेला जॉइंटही शहाण्यासारखा वागतो. म्हणून पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. अक्का स्टिअरिंगवर बसल्या. मी खाली शिरले.

"अक्का, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. झोक्यासारखं."

स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांपर्यंत लोखंडी दांड्यांची साखळी असते. प्रत्येक जोडावर हात ठेवायचा. दोन्ही दांड्या एकदम हलल्या तर जोड चांगला. एक हलली आणि दुसरी मागाहून आली, तर चोर तिथेच. दोन चोर सापडले. डाव्या चाकाचा टाय रॉड एन्ड, म्हणजे दांडीच्या टोकाचा जोड, आणि आयडलर आर्मचा बुश, म्हणजे त्याच्या आतली नळी. आयडलर आर्म म्हणजे बॉक्सच्या विरुद्ध बाजूला दांडीला आधार देणारा हात. तो तर वरखाली डुलत होता. बॉक्स बिचारा निर्दोष होता.

स्पेअर पार्ट्सवाले शेठ दुकानावरच राहत. पुरणपोळीवरून उठून त्यांनी अर्धं शटर उघडून दिलं. देव त्यांचं भलं करो.

आता गाडी उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. जोडाची पिन निमुळती असते, नट काढला तरी भोकातून सुटत नाही. नवशिका पिनेवरच हातोडा मारतो आणि आटे चेपून बसतो. वडील सांगत, मार पिनेला नाही, ती जिथे बसलीय त्या कडीला द्यायचा. कडीच्या एका अंगाला जड हातोडा टेकवायचा, दुसऱ्या अंगाने ठोकायचं. ऊन चढलं, लोखंड तापलं, नणंद वरून विचारते, "वहिनी, आंब्याचा रस केव्हा काढू?" तेवढ्यात ठोक्याचा आवाज बदलला आणि पिन सुटली. मी गाडीखालीच ओरडले.

जुना एन्ड काढताना त्याचे फेरे मोजले आणि नवा तेवढेच फेरे आत घेतला. बुश बदलला. भिकाभाऊंनी आवळलेला स्क्रू सैल केला. शेवटी सुतळी. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर समोरून किंचित कमी आणि मागून किंचित जास्त असावं लागतं. नणंदांनी सुतळीची टोकं धरली, मी दांडी फिरवून माप जुळवलं. झोका रिकामा, गाणी मात्र चालू.

संध्याकाळी अक्कांनी मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. बाणासारखी सरळ. गाडी थांबवून त्या माझ्या काळ्या हातावर हात ठेवून बसल्या. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, पहिली कमाई हातात आली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब हसून म्हणाले, "सुधारला की बाईंचा हात!"

"हात तोच आहे साहेब," मी म्हटलं. "गाडी सुधारली."

लायसन मिळालं, दिराने मुकाट्याने चावी दिली. तेव्हापासून माझा एक नियम आहे. शिकणाऱ्याची गाडी लहरली तर आधी गाडीखाली बघायचं, मग शिकणाऱ्याकडे.

काही दिवसांनी दारात हॉर्न वाजला. अक्का जीप घेऊन सोनगीरहून हायवेने एकट्या आल्या होत्या. मी चहाचं विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि जीपकडे बोट दाखवलं. दीरही ती जीप इतकी वर्षं अधूनमधून हाकत होता, पण तिच्यातली खोड त्याला कधी कळली नव्हती.

"इन्हा बी कासरा ढिला शे, बाई. चहा मंग पिऊत. पाना काढ."