शर्यतीआधीचा दहीभात

आमच्या घरात दोन स्वयंपाक होतात. एक आम्हा नवराबायकोचा आणि दुसरा गच्चीवरच्या ढाबळीतल्या शर्यतीच्या कबुतरांचा. पहिल्यात मीठ कमी पडलं तरी आमचे हे मुकाट जेवतात. दुसऱ्यात मात्र मुगाचा दाणा इकडचा तिकडे झालेला खपत नाही.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कबुतरांचं सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेतून निवृत्त झाले ती ह्या नोकरीला लागायला! हे खाली अंगणात झोपाळ्यावर बसून हुकूम सोडायचे. पावसाळ्यात कबुतरं जुनी पिसं टाकतात, तेव्हा नवी धरायला जवस आणि करडई. आमच्या चौलच्या दमट हवेत दाण्याला बुरशी येते, म्हणून तो आधी तव्यावर गरम करून घ्यायचा. पिल्लं झाली की हरभरे, वाटाणे. कालवांची शिंपलं मी रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून वेचून आणायची आणि विटेच्या तुकड्यांबरोबर खलबत्त्यात कुटायची; कबुतरांना दाणा पचायला अशी खडी लागते. थंडीत शर्यती सुरू झाल्या की मका वाढवायचा, पण हात आखडता ठेवायचा. "पोट भरलेलं पाखरू घरी येतं, पण आत शिरत नाही," हे ह्यांचं पालुपद. "अगं, ओंजळ नको, मूठ! पाहुणे जेवायला बसलेत का?" मी चिडायचे. एवढी काळजी असेल तर वर येऊन स्वतः घाला की!

तेच तर ते करत नव्हते. जिना चढायला डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. हे पहिल्या पायरीपर्यंत जायचे, कठड्याला हात लावायचे, "उद्या बघू" म्हणायचे आणि परत फिरायचे. कबुतरांचं काय, त्यांचं मी केलं असतं. मला भीती वाटायची ती ह्या उद्याची. माणूस एकदा झोपाळ्याला चिकटला की चिकटला.

त्या थंडीतली पहिली शर्यत माणगावच्या पलीकडून होती. पहाटे सगळ्यांची कबुतरं तिकडे सोडायला नेणारा टेम्पो आला. निळ्या मादीची टोपली मी खाली आणून ह्यांच्या मांडीवर ठेवली, कारण ही मादी पिल्लू असताना त्यांनी हाताने भरवून वाढवलेली. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येईपर्यंत टोपली टेम्पोत चढलीही होती.

ऊन वर आल्यावर ती सुपारीच्या शेंड्यांवरून आली. माझा जीव भांड्यात पडला. पण ढाबळीत शिरल्याशिवाय शर्यत पुरी होत नाही, आणि ही बया पाण्याच्या टाकीवर बसून पिसं साफ करू लागली. मी दाण्याचा डबा वाजवला. एरवी त्या आवाजाला ती झेपावते. आज तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"वाजव! जोरात वाजव!" खालून आवाज आला.

"वाजवतेय! काल मूठभरच घातलंय हो, शपथ!"

मग हळूच, "पहाटे मी तिला थोडा दहीभात दिला."

"काय?"

"अगं, प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवतो ना आपण? तिला हात नाही, म्हणून भातात कालवून दिलं."

वर्षभर मूठ-मूठ करून माझं डोकं खाणारा हा माणूस! "मग आता तुम्हीच या आणि उतरवा तुमच्या लाडकीला!" मी ओरडले आणि डबा आपटला.

थोड्या वेळाने जिन्यावर काठी वाजली. मी वाकून पाहिलं नाही. पाहिलं तर हे परत फिरतील, असं वाटलं. काठी थांबायची, पुन्हा वाजायची. मी टाकीकडे तोंड करून उभी राहिले आणि डोळे पुसले.

घामाघूम होऊन हे वर आले. डबा उचलून हलकेच वाजवला, जिभेने टकटक केलं. निळीने मान वाकडी करून पाहिलं, खाली उतरली आणि टुकूटुकू चालत आत गेली. शर्यत केव्हाच दुसऱ्या कुणाच्या पाखराने मारली होती. हे स्टुलावर टेकले, डब्यात डोकावले आणि म्हणाले, "मका जास्त झालाय." मला इतका आनंद झाला की भांडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पायथ्याशी मी त्यांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. त्यांनी ते चाटून घेतलं, हात धोतराला पुसला आणि कठडा धरून वर निघाले.