मंद्रूपच्या विहिरीत हरलेला हिमालय
शेवाळाचा वास आला की मला मंद्रूपच्या सासुरवाडीची विहीर आठवते. लडाखच्या लष्करी ठाण्यावरून नुकत्याच सुट्टीवर आलेल्या मेहुण्याशी मी पैज लावली होती, की बुडी मारून पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो. "जावईबापू, शेरडू वाघाला भिडतंय की," काठावरून सासरे हसले. हरलो असतो, तर तिथं तोंड दाखवायची सोय उरली नसती. मी तळाशी इतका वेळ बसलो, की कासवं माझी विचारपूस करून गेली. वर आलो, तर मेहुणा पायरीवर बसून वाळतही आला होता. हळूच म्हणाला, "दाजी, पहाडावर हवा लई पातळ. तितं अंगच शिकतं, श्वास आडवायचा न्हाय, लगेच घ्यायचा. ती सवय अजून उतरली न्हाय." काठावर जमलेल्या गावकऱ्यांच्या टाळ्यांच्या गलक्यात सासऱ्यांना हे ऐकू गेलं नाही, आणि मीही आजतागायत सांगितलेलं नाही. सांगतो ते एवढंच, की मी हिमालयाला हरवलंय.