तोंड बंद, सिगरेट बंद

डॉक्टरीणबाईनं नाकातून दुर्बीण घशात उतरवली अन् म्हणल्या, "ईऽऽ म्हणा."

म्या म्हणलं. त्याईनं स्क्रीन माह्याकडं वळवली. घशात दोन पांढऱ्या पट्ट्या हलून राह्यल्या होत्या, पालीच्या पोटासारख्या. डाव्या पट्टीवर दह्याचा शिंतोडा उडाल्यावाणी एक डाग.

"सिगरेट किती?"

"सात-आठ."

त्याईनं नुसतं पाह्यलं.

"सोळा," म्या म्हणलं.

"काम काय करता?"

"मिमिक्री. लग्नातली हळद, गणपती, ऑर्केस्ट्रा, जिथं बोलावतील तिथं."

त्याईनं पेन खाली ठेवला. डॉक्टरनं पेन खाली ठेवला का समजावं, आपलं काही खरं नाई.

पंधरा दिवस, त्या म्हणल्या. एक सिगरेट नाई अन् एक शब्द नाई. कुजबूज पण नाई, कुजबुजीनं जास्त ताण पडते. पंधरा दिवसांनी पाहू. डाग तसाच असला तर छोटासा तुकडा काढून तपासायले पाठवू. कशाची तपासणी ते म्या इचारलं नाई अन् त्याईनं सांगतलं नाई. पण बाजूले मावशी होती. तिनं पदर तोंडाले लावला. म्हणजे तिले समजलं होतं.

मावशी अकोल्याची, म्हणून मी अमरावतीहून तिथं दाखवायले गेलो होतो. आता मी कोण, तर शाळेत असताना हेडमास्तरच्या आवाजात माईकवरून पूर्ण शाळेले अर्धी सुट्टी दिलेला पोट्टा. पोट्टे घरी पोचल्यावर हेडमास्तरले समजलं. तेव्हापासून आवाज हाच माहा धंदा. एसटीचा कंडक्टर, नगरसेवक, किकवर चालू न होणारी स्कूटर, सारं मी काढतो. अन् त्या आवाजावर दह्याचा शिंतोडा.

त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर, बिडी-सिगरेट सोडणाऱ्या लोकाईची बैठक भरते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडतात. जुन्या माणसासोबत नवीन माणसाची जोडी लावतात. माही जोडी लागली एका चाचासोबत. गाद्या भरायचं दुकान त्याईचं, अकरा महिन्यांपासून बिडी बंद. दाढीत कापूस अडकलेला. मी बोलू शकत नाई हे कळल्यावर हसले.

"ये तो अच्छा है. पहिल्यांदा कोणी माह्या समोर गप बसून राह्यला."

त्याईची पद्धत सोपी होती. तलफ आली का फोन लावायचा. ते उपदेश करणार नाई. हातात जे काम असंन ते सांगत राहतीन. तलफ दहा मिनिटांच्या वर टिकत नाई म्हणे, उतरेपर्यंत फोन कानाले लावून ठेवायचा. मले बोलायची बंदी, म्हणून म्या फोनच्या पाठीवर नखानं ठोकायचं. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाई.

पहिल्या दिवशी सात वेळा लावला.

"हां बेटा. तलफ आई क्या?"

ठक.

"बस. मी इथं पाच किलोची गादी भरून राह्यलो. कोपऱ्यात कापूस कमी पडते, पहिले कोपरे दाबायचे. कोपरा खाली राह्यला का गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर." मग धप, धप, धप आवाज. "आता सुई घेतली. ये सुई तेरे हाथ जितनी लंबी है. इकडून घातली... तिकडून काढली... गाठ मारली. उतरी?"

ठक ठक.

"नहीं उतरी? ठीक है, दुसरा टाका."

दुसऱ्या दिवशी मी घाबरलो. लोकं म्हणतात सिगरेट सोडली का मोकळं वाटते. मले खोकला सुटला. सकाळी बेसिनमधे थुकलो तर काळपट. म्या बोटानं पसरवून पाह्यलं, रक्त हाय का म्हणून. मग आरशासमोर गळा चाचपू लागलो. उजवीकडं एक गाठ लागली. मग डावीकडं चाचपलं, तिथंही तशीच गाठ. माणसाले दोन्हीकडं असतात काय? कोणाले इचारू, तोंड तर बंद. आईच्या समोर जाऊन बोटानं तिचा गळा चाचपला. ती म्हणली, "आता माहा जीव घेतं काय रे!" तिलेही होती गाठ. तरी माही जास्त मोठी वाटली.

आंघोळ करताना, जेवताना, सारखं वाटे का तो डाग वाढून राह्यला. आपण गिळलं का त्याच्यावरून घास जाते. म्या वरण-भात पातळ करून प्यायलो.

तिसऱ्या दिवशी म्या ती करामत केली.

माहा मोठा भाऊ नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत हाय. अकोल्याहून आलो त्याच दिवशी त्यानं कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याले सांगून ठेवलं होतं, "याले एकही देजो नको. दिली तर तुह्या टपरीवरचा माहा खर्रा बंद." भाऊ दिवसाले पाच खर्रे खाते, सुपारी-तंबाखू घोटलेले. टपरीवाल्यानं मनावर घेतलं. मी दुपारी गेलो, बोटानं डबी दाखवली तर हात जोडून म्हणे, "बाप्पा, तुह्या भावाचा फोन आल्याशिवाय नाई."

खरं सांगतो, चौकाच्या पुढं अजून तीन टपऱ्या होत्या. चालत गेलो असतो तर पाच मिनिटात भेटली असती. पण तो "भावाचा फोन" म्हणला अन् माह्या डोक्यात किडा वळवळला. तलफ आधीच होती. आता तिच्यात शाळेच्या माईकवाली मजा मिसळली.

घराच्या मागं गेलो. चाचाले फोन लावायले पाहिजे होता. टपरीले लावला, आईच्या फोनवरून. भावाचा आवाज म्हणजे पोटातून, खर्रा गालात धरून, शब्दाचा शेवट खाऊन टाकायचा. लहानपणापासून काढतो, झोपेत पण येते.

"हॅलो. मी बोलून राह्यलो. त्याले एक देऊन टाक. एकच. एकदम बंद केली तर त्रास होते त्याले."

टपरीवाला म्हणला, "बरं भाऊ."

फसला! मी रस्त्यानं उड्या मारतच गेलो. त्यानं सिगरेट काढून देली अन् माह्याकडं पाहून म्हणला, "तुह्या भावाले सांग दवाखान्यात जायले. त्याचाही आवाज तुह्यासारखाच गेला. फाटलेल्या भोंग्यावाणी येऊन राह्यला. तुमच्या घरात काही लागलं काय रे?"

मले हसायले यायले पाहिजे होतं. नाई आलं. मले वाटलं होतं का भावाचा आवाज जसाच्या तसा निघाला. म्हणजे मी ज्या कानानं तपासतो त्याले फरक कळत नव्हता, अन् चुना लावता लावता टपरीवाल्याले कळला. मी कोणाचाही आवाज काढला तरी तो डाग त्याच्यात बोलणार.

हातात सिगरेट. काडेपेटी टपरीले दोरीनं बांधलेलीच असते. म्या चाचाले फोन लावला अन् ठोकलं.

"तलफ आई?" मग त्याईले माह्या मागून गेलेला ट्रक ऐकू गेला. "बाहर है क्या?"

ठक.

"हाथ में है?"

ठक.

"जलाई?"

ठक ठक.

ते चिडले नाई. फेकून दे म्हणले नाई. म्हणले, "मी चौथ्या दिवशी प्यायलो होतो. बैठकीत कोणाले सांगतलं नाई. 'मधे प्यायली का' या कागदावरच्या सवालापुढं 'नाही' लिहिलं, खाली सही केली. आज तुले सांगून राह्यलो. चल, आता ही लग्नाची गादी हाय, जोडगादी. दोन्ही बाजूनं टाके घालावे लागतात. पकड."

म्या काय पकडलं असंन तर ती सिगरेट, मुठीत. त्याईनं किती टाके घातले मले आठवत नाई. मधे ते खोकलले अन् मी घाबरून ठोकलं, कारण नसताना. "मैं ठीक हूं," ते म्हणले. मूठ उघडली तर घामानं कागद फाटून तंबाखू तळहाताले चिकटली होती. टपरीवाला पाहून म्हणे, "असे पैसे वाया घालवते काय कोणी?"

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा म्या सारं मोबाईलवर लिहून त्याच्यासमोर धरलं. मले वाटलं कानाखाली वाजवते. त्यानं दोनदा वाचलं.

"माहा आवाज बसला म्हणला तो?"

म्या मान हलवली, का तुहा नाई, माहा. त्याले ते पटलं का नाई माहीत नाई. तो मोरीत गेला, नळ सोडला. दाराआडून मले ऐकू आलं. "ईऽऽ. ईऽऽ." मग खाकरला, अन् पुन्हा "ईऽऽ." जेवायले बसेपर्यंत त्यानं गालातला खर्रा थुकला नव्हता, पण दुसरा बांधून आणला नव्हता.

पंधराव्या दिवशी अकोला. चाचा दुकान बंद करून बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले. आत डॉक्टरीणबाईनं दुर्बीण घातली.

"ई म्हणा."

पंधरा दिवसांत माहं तोंड एकदाच उघडलं होतं, ते बी चोरीसाठी. म्या घसा तयार केला अन् काहीच निघालं नाई. फक्त हवा. डोळ्यातून पाणी येऊ लागलं. त्या म्हणल्या, "घाई नाई." दुसऱ्यांदा चिरकलं. तिसऱ्यांदा निघालं, जाडं अन् वाकडं.

त्या खूप वेळ पाहत राह्यल्या. मी त्याईच्या पेनाकडं पाहत राह्यलो.

"कमी झाला. गेला नाही. आत्ता तुकडा काढायला नको. अजून एक महिना. दिवसातून दहा मिनिटं बोला, तुमच्याच आवाजात. मिमिक्री नाही."

बाहेर आलो. चाचा उठून उभे राह्यले. मले दहा मिनिटं भेटली होती, पण म्या कागदावरचा 'एक महिना' बोटानं दाखवला. ते म्हणले, "ठीक है, रजया भरायचं काम पण महिनाभर हाय," अन् मले एसटीत बसवून गेले.

मूर्तिजापूरले बस थांबली. सारे उतरले. माह्या शेजारच्यानं उतरता उतरताच पेटवली. वास आला अन् पोटातून ओढ उठली, पहिल्या दिवसासारखीच. मले वाटलं होतं, एवढ्या दिवसांनी ती कमी झाली असंन. मी बसच्या पलीकडच्या बाजूले, टायरजवळ जाऊन उभा राह्यलो, जिथून वारा येत नव्हता. चाचाले फोन लावला.

"आली," म्या म्हणलं. माहाच आवाज, पण ओळखीचा नाई वाटला.

तिकडं धप-धप आवाज थांबला. मग चाचा म्हणले, "कोण बोलून राह्यलं?"