भिंतीवरची मेथीवाली

मंडईजवळच्या शाळेची रस्त्याकडची भिंत मी रंगवली होती. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी होती, रंग माझे होते. समोरच्या फुटपाथवर एक मावशी मेथी-कोथिंबीर विकतात, राहुरीकडून सकाळच्या एसटीनं येतात. भिंतीवर मी त्यांनाच काढलं, जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता मान वर करून गिऱ्हाइकाकडे बघताना. डोळ्यांनी मला फार छळलं. काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. शेवटी सापडली ती नजर, भाव पाडून मागणाऱ्याला जागच्या जागी गप्प करणारी. मावशी रस्ता ओलांडून आल्या, पदर तोंडाला लावून हसल्या.

"आगं बया, ही तर मीच हाय की!"

पुढं त्या लेकीलाही घेऊन आल्या होत्या, दाखवायला.

त्यानंतर एका सकाळी मी दूध घेऊन परतत होते, तर भिंतीवर फ्लेक्स. कुणा भाऊंचा वाढदिवस. डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीनं. मावशींचा फक्त मेथीची जुडी धरलेला हात बाहेर राहिला होता. शेजारी विजेचा खांब मोकळा होता. तरी स्टुलावर चढलेला एक माणूस भिंतीतच खिळे ठोकत होता.

"अहो, खाली चित्र आहे!" मी ओरडले.

"माहितीये ना ताई. पन जागा मोक्याची हाय. आठ दिसांनी काढू की. चित्र काय पळून जातंय का?"

माझ्या हातातली दुधाची पिशवी मी खाली ठेवली आणि फ्लेक्सचा कोपरा धरून ओढला.

"हात लावू नका! भाऊंचा फोटो हाय."

"आणि खाली कुणाचा आहे? ती कुणीच नाही का?"

माणसं जमली. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. चित्र काय, पुन्हा काढाल." हेच गृहस्थ ते चित्र बघून माझं तोंडभर कौतुक करून गेले होते. खिळ्यांपेक्षा त्यांच्या त्या समजूतदार आवाजानं माझं डोकं जास्त फिरलं.

तेवढ्यात ओले हात लुगड्याला पुसत मावशी आल्या. फ्लेक्स उचलून त्यांनी आत वाकून पाहिलं.

"माज्या डोळ्यात खिळा मारलास व्हय रं?"

तो स्टुलावरच अवघडला. "मावशी, तसं न्हाई ओ..."

"मंग कसं? काढ."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मोबाईल आता त्याच्याकडे वळले होते. त्यानं खिळा उपसला, सोबत प्लास्टरचा खपला निघाला आणि डावा डोळा गेला. फ्लेक्स मग खांबावर लागला. आधीच लागू शकत होता!

त्याच आठवड्यात मी भोक लिंपलं, वाळू दिलं, डोळा पुन्हा काढला. नीट झालाय असं सगळे म्हणतात. मावशीही म्हणाल्या, "ब्येस झालाय." पण ती नजर आली नाही. एक डोळा गिऱ्हाइकाकडे बघतो, दुसरा नुसता उघडा आहे. रोज तिथून जाते, रोज दिसतो, आणि रोज माझ्या पायाची आग मस्तकात जाते.