तराईवीनीचा लुटलेला खड्डा

आमची तराईवीनी म्हणजे माझी नणंद. ती परसात बोलली की खाडीतले मासे पळावेत असा आवाज, आणि वेड एकच, मांद्राई! नीरफणस आंबवून केळीच्या पानांत गुंडाळायचा, खड्ड्यात पुरायचा, वर दगड रचायचे, की वर्षानुवर्षं टिकतो. वास मात्र असा की नाक दाबूनच खड्डा उघडावा. पण मागच्या वादळात समुद्र मळ्यांत शिरला, कंद कुजले, तांदळाचं जहाज काही येईना, तेव्हा तिच्याच खड्ड्यानं अख्खं गाव जगवलं.

तेव्हापासून बाई राजधानीतल्या, सुवाच्या सरकारी कचेरीच्या हात धुऊन मागे लागलेली. तिथं बेटांसाठी वादळानंतरच्या अन्नाचं धोरण ठरत होतं आणि सगळे तांदळाच्या गोदामांवर अडलेले. "गोदामं बांधा की! पण आमचे खड्डेही धरा त्यात," असं ही फोनवर ओरडायची. शेवटी तिथला संशोधन करणारा सेकोवे यायला तयार झाला. मांद्राई चाखणार, पटली तर गावाला रोपवाटिका आणि नवे खड्डे. तराईवीनीचे पाय जमिनीवर ठरेनात!

आणि आदल्या दिवशी कोण टपकावं? समोरच्या बेटावरची लोसाना, होडीभर बायका घेऊन! ती आमची नाइता. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, म्हणून एकमेकांचं हवं ते उचलायचं, वाट्टेल ते बोलायचं. जो रागावला तो हरला.

"काय गं नाइता, आहेस अजून?"

"तुला पोचवल्याशिवाय कशी जाईन?"

"मग जायच्या आधी खड्डा उघड!"

"अगं बये, उद्या साहेब येतोय! तेवढा सोड."

"साहेबाला तुझं तोंड दे चाखायला!"

बायका खो-खो हसल्या आणि खड्डा खरवडून नेला. तराईवीनीही हसत होती, दातओठ खाऊन. होडी दूर गेल्यावर मात्र मटकन बसली. "वहिनी, गेलं गं सगळं," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मला तर लोसानाच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या!

सकाळी सेकोवे आला, खड्ड्यात डोकावला. "मावशी, रिकाम्या खड्ड्यावर मी काय लिहू?" बिचारा ओशाळूनच बोलला.

तराईवीनी ताडकन उठली. "चल, बस होडीत."

"कुठं?"

"चोरी करायला!"

काय ती होडी हाकली आम्ही! समोरच्या किनाऱ्यावर पाय टेकताच तराईवीनी गरजली, "ए लोसाना, खड्डा उघड! तुझे बाप आलेत लुटायला!"

लोसाना हसली, पण नेहमीसारखी नाही. आम्हाला टेकाडावर घेऊन गेली. तिथं नवा खड्डा होता, ताज्या नीरफणसांनी भरलेला, आणि त्यात आमची मांद्राई कालवलेली.

"आमचा जुना खड्डा समुद्रानं गिळला, त्याच वादळात," ती म्हणाली. "नव्याला विरजण कुठून आणू?"

"मग बोलायचं नाही का, भवाने?"

"नाइताला लुटता येतं गं. तिच्यापुढे हात पसरायची लाज वाटते."

तराईवीनी टोपली भरायला निघाली होती. पण आता तिनं एका बाजूला उरलेली, न कालवलेली मांद्राई मूठभरच उचलली, भाजली आणि सेकोवेच्या हातावर ठेवली. त्यानं चाखली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि पुन्हा मागितली!

"म्हणजे एका गावाचा खड्डा बुडाला तर..."

"दुसऱ्याचा लुटायचा!" दोघी एकदमच ओरडल्या.

तो थक्कच झाला. "अहो, हे आमच्या कागदांत कुठंच नाही!" म्हणाला आणि तिथंच दगडावर बसून लिहायला लागला. आनंदानं मी लोसानालाच मिठी मारली.

धोरणात खड्डे आले, जोडीजोडीनं, दोन नाइता गावांचे मिळून. परवा आमच्या किनाऱ्यावर नीरफणसाची रोपं उतरली. तराईवीनीनं निम्मी, तीही चांगली चांगली, वाळूवर वेगळी मांडली आणि पहाटेपासून समुद्राकडे बघत बसली. दर थोड्या वेळानं मला विचारायची, "वहिनी, ही चोरटी अजून कशी आली नाही गं?"