सुतकातली हजेरी

"म्हणजे माणूस मेलं ते राहिलं बाजूला, अन् तुझ्या कॉलेजातलं मशीन मोठं झालं!" कारभारींनी चहाचा कप ओट्यावर असा ठेवला की अर्धा चहा बशीत आला.

"मी असं नाही म्हणाले, बाबा."

"मग कसं म्हणालीस? परत म्हण."

"दहाव्यानंतर जाऊन उपयोग नाही, एवढंच म्हणाले." सुवर्णाने मान वर केली नव्हती. आवाज मात्र खाली नव्हता.

"बघा! मनोज, तुझी बायको काय बोलती, ऐकतोस ना?"

मनोज दारात उभा राहून टेंपोची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. "मी ऐकतोय. पलीकडं नाना पण ऐकत असतील. जरा हळू बोला."

"ऐकू दे त्याला. त्याची बायको जाऊन आज पाचवा दिवस. सकाळपासून लोक दारावर येत्यात. त्यांच्यासमोरून आमची सून पाठीला सॅक लावून निघाली, तर भावकी काय म्हणंल? तोंडात शेण घालंल शेण!"

गोजराबाई कोपऱ्यात मेथीच्या ढिगाशी बसली होती. डाव्या मुठीत मावेल एवढी मेथी, बंदाचे दोन वेढे, गाठ, की जुडी पाटीत. लग्न होऊन मखमलाबादच्या या मळ्यात आली त्याला छत्तीस वर्षं झाली, आणि छत्तीस वर्षं ती रोज संध्याकाळी हेच करत होती. फक्त ढिगाच्या पलीकडच्या बाजूला आज कोणी नव्हतं. तिथे तिची मोठी जाऊ भिमाबाई बसायची. दोघींच्या मध्ये ढीग असायचा, दोघी आपापल्या बाजूने तो संपवत यायच्या, आणि शेवटच्या काड्या कोणी उचलायच्या यावरून रोज कुरबुर व्हायची. आता पलीकडची मेथी ओढायला गोजराबाईला गुडघ्यावर वाकावं लागत होतं.

भिमाबाई गेली ती शुक्रवारी. सकाळी चहा घेतला, छातीत जळजळतंय म्हणाली, दवाखान्यात नेईतो संपलं. वाळूनाना आणि कारभारी सख्खे भाऊ. घरं दोन, अंगण एक. तेव्हा सुतक दोन्ही घरांना. देवघराला पडदा, घरात फोडणी नाही, बायकांनी अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दहावा रामकुंडावर होईपर्यंत असंच चालायचं. यात कोणाला काही सांगावं लागत नाही. सुवर्णालाही लागलं नव्हतं. पाच दिवस ती मुकाट्याने दारावर आलेल्या बायकांच्या घोळक्यात पदर घेऊन बसली. आज मात्र तिने चहाबरोबर विषय काढला होता.

सुवर्णा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. फी सरकारच्या शिष्यवृत्तीतून जायची. ती दरवर्षी नव्याने मिळवावी लागे. विषय सुटले पाहिजेत आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर पाहिजे. हजेरी म्हणजे सकाळी अंगठ्याच्या मशीनवर लागते तीच. यादी महिनाअखेरीला जायची होती.

"आत्ता किती हाय तुझी?" मनोजने विचारलं.

"शहात्तर. दोन दिवस अजून गेले की खाली."

"मग आजारी होती म्हणून सर्टिफिकेट आणू. जाधव डॉक्टर देतो लगेच."

"शिष्यवृत्तीच्या यादीला मशीनचाच आकडा धरतात. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. आणि मी आजारी नाही."

"मग राहू दे," कारभारी म्हणाले, "शिक की पुढच्या वर्षी. एक वर्ष कुठं पळून चाललंय?"

"बाबा, एकदा नाव गेलं की फी आपल्याला भरावी लागंल. तुम्ही भराल?"

कारभारींनी बशी उगाच फिरवली. भरता येणार नसताना नुसतं तोंडाने हो म्हणणारे ते नव्हते. तेवढा मान त्यांना स्वतःचा होता.

"पण एवढी कमी झालीच कशी?" मनोज म्हणाला. "तू तर एरवी रोज जाती."

 सुवर्णाने चटकन सासूकडे पाहिलं आणि तितक्याच चटकन नजर काढून घेतली. गोजराबाईच्या हातातली जुडी अर्धवट राहिली.

दसऱ्याचे आठ दिवस. झेंडू एकदम आला होता, तोडायला बाई मिळत नव्हती, आणि गोजराबाईनेच म्हटलं होतं, आठ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, राहा घरी. सुवर्णा राहिली होती. पहाटेपासून फुलं तोडली, कपाळावर आठी नाही.

"आठ दिवस झेंडूचे," सुवर्णा शेवटी म्हणाली. "आणि त्यानंतरचे तीन."

"त्यानंतरचे कुठले?" गोजराबाईने विचारलं.

"झेंडूनं बोटं काळी पडली होती ना, आई. सालं निघाली होती. मशीन अंगठा घेतच नव्हतं. मी वर्गात होते, पण लागली नाही."

"मला नाही सांगितलंस ते."

"सांगून काय? तुम्ही मनाला लावून घेतलं असतं."

गोजराबाईने जुडी पूर्ण केली आणि पाटीत टाकली. तिला शाळेची ओढ अशी कधी नव्हतीच. चौथीत मास्तरांनी छडी मारली तेव्हा ती आनंदाने घरी बसली होती, आणि त्याचं तिला आजवर दुःख नव्हतं. सुनेने शिकावं म्हणून ती काही रात्रंदिवस झुरत नव्हती. तिने शब्द दिला होता, एवढंच.

सुपारी फुटली त्या दिवशी सुवर्णाचे वडील येवल्याहून आले होते. दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणणारा माणूस. बोटं लांब, बोलणं तुटक. मुलीची आई लहानपणीच गेलेली. त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली नाही, एक निळी फाईल काढली. उत्पन्नाचा दाखला, मार्कशीटा, शिष्यवृत्तीचे कागद, सगळं क्रमाने लावलेलं. ती फाईल त्यांनी कारभारींच्या हातात दिली नाही, गोजराबाईच्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला काही मागत नाही ताई. एवढं जपा. हे मी सहा वर्षं जपलंय." गोजराबाईला त्यातलं अक्षर वाचायचं नव्हतं. पण कागदांच्या कडा कशा जुळवून लावल्यात ते तिने पाहिलं, आणि जपते म्हणाली.

तेव्हा भिमाबाई शेजारीच बसली होती. घरी येताना म्हणाली, "आता कॉलेजची सून. भाकरी इंग्रजीत थापील तुला." पुढे दीड वर्ष ती हेच म्हणत राहिली. सुवर्णा सकाळी निघाली, की अंगणातून हाक यायची, "निघाली का गं मास्तरीण? भांडी कोण घासणार, तुझं सरकार?" सुवर्णा हसून जायची. गोजराबाईला मात्र कधीकधी राग यायचा, आणि मग मेथीच्या ढिगावर दोघींची जुंपायची.

"मागच्या बांधावरनं नेतो मी तिला टेंपोतून," मनोज हळूच म्हणाला. "कोणाला दिसायचं नाही. दुपारी परत आणतो."

"चोरासारखं?" कारभारी ओरडले. "अन् समजलं तर? अरे, मी दहा वर्षांचा होतो वहिनी घरात आली तेव्हा! आई शेतावर, मला जेवायला तिनं वाढलंय. माझ्या केसांतल्या उवा तिनं काढल्यात. तिच्या सुतकात माझ्याच घरातलं माणूस..."  त्यांनी बशीतला चहा पिऊन टाकला, पिण्यासारखा राहिला नव्हता तरी.

गोजराबाईने नवऱ्याकडे नीट पाहिलं. पाच दिवसांत हा माणूस रडला नव्हता. सगळ्यांवर खेकसत होता.

"कोथिंबीर तिसऱ्या दिवशी गेली ना मार्केटला?" तिने विचारलं.

"गेली. मग?"

"आपल्याच हातची. सुतकातल्या हातची. आज ही मेथी बांधतीये मी, तीही पहाटे जाणार."

"माळवं थांबतं का? पिवळं पडतं."

"मग हिचे दिवस तरी कुठं थांबतात?"

"ते वेगळं, हे वेगळं."

"का वेगळं, ते सांगा."

कारभारींनी हात झटकला. "नानाला विचार," ते म्हणाले. "त्याची बायको गेलीये. तो हो म्हणाला तर मी कोण?" नाना हो म्हणणार नाहीत अशी त्यांची खात्री असावी, कारण एवढं बोलून ते भिंतीला टेकून बसले.

गोजराबाई उठली. गुडघ्यात कळ आली, तशी क्षणभर भिंतीला धरून उभी राहिली. मग डोक्यावर पदर ओढून अंगण ओलांडलं.

वाळूनाना पडवीत खाटेवर बसले होते. दिवस मावळायला आला होता. दारावर आलेली शेवटची माणसं नुकतीच गेली असावीत, सतरंजी तशीच पसरलेली होती. जेठाशी ती कधी समोर उभी राहून बोलत नसे. आजही खांबाआड उभी राहिली.

"नाना."

"ऐकलं मी सगळं," नाना म्हणाले. "कारभारीला हळू बोलायचं वळण नाय."

"मग तुम्हीच सांगा."

नानांनी सतरंजीची दुमडलेली कड पायाने सरळ केली. "तिला आवडलं नसतं, गोजरा."

"नसतंच आवडलं."

"तिनं अंगणात उभं राहून तुझा उद्धार केला असता."

"केला असता. सात पिढ्या काढल्या असत्या माझ्या."

नानांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "अन् तू?"

"मीपण दोन दिल्या असत्या परत. संध्याकाळी मेथी बांधायला बसलो असतो." गोजराबाईने पदराचं टोक डोळ्यांना लावलं.  "नाना, आता भांडायला कोणच नाही हो मला. ढीग सरतच नाही एकटीनं."

 नानांनी खांद्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं, चांगलं दोनदा पुसलं. गोजराबाई खांबाच्या आडून बाहेर आली आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर सतरंजीच्या कडेला बसली.  पलीकडे मनोज पाट्या टेंपोत चढवत होता, त्याचा आवाज येत होता.

"तू मला विचारायला आलीस का सांगायला?" नानांनी शेवटी विचारलं.

गोजराबाईने विचार केला. "आले विचारायला. पण तुम्ही नाही म्हणाला असता तरी पाठवलं असतं."

"मग मला कशाला पुण्य देती? तुझी सून हाय. तू बघ." थोडं थांबून ते म्हणाले, "कोणी माझ्यापुढं विषय काढला तर मी गप्प बसंन. यापेक्षा जास्त नाय जमायचं मला."

"तेवढं पुष्कळ झालं."

ती घरी आली तेव्हा मनोज परत दारात उभा होता आणि कारभारी अजून भिंतीलाच टेकलेले होते. सुवर्णा मेथीच्या ढिगाशी बसली होती, पण भिमाबाईच्या जागेवर नाही, जरा बाजूला. तिने तीन जुड्या बांधल्या होत्या. तिन्ही सैल होत्या. कारभारींनी मान वर करून बायकोकडे पाहिलं.

गोजराबाईने तांब्यातून पाणी घेतलं, प्याली, पदराने तोंड पुसलं.

"उद्या सकाळी सुवर्णा कॉलेजला जाणार," ती म्हणाली. "साडेसातच्या बसनं, पुढच्या दारानं. रोज जाणार. दहाव्याला आपल्याबरोबर रामकुंडावर येईल, त्या दिवसाची बुडंल तेवढी बुडंल. दारावर येणाऱ्यांपाशी मी बसते. कोणाला काही विचारायचं असंल तर मला विचारू दे."