निरोप्या मास्तर

जगातली यच्चयावत भांडणं अवतरणचिन्हांमुळे होतात, असं मानणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या डोंबिवलीच्या घरात, माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होता. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी मॅट्रिकच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. डायरेक्टचं इनडायरेक्ट करणं हा त्यांच्या लेखी नुसता धडा नव्हता, तो संस्कार होता. "अवतरणचिन्हं काढली की बोलण्याचा ताप उतरतो," असं ते वर्गात सांगायचे आणि स्वतः सदैव ताप उतरलेलंच बोलायचे. दुधात पाणी आलं तर गवळ्याला म्हणायचे, "दूध पातळ असल्याची चर्चा कानावर आली." चर्चा कुणाची? खोलीत हे एकटे! मी मॅट्रिकला आपटलो, तोही इंग्रजीत, तेव्हा ते अण्णांना म्हणाले, "चिरंजीवांनी पुढच्या वर्षीही परीक्षेला बसावं, अशी बोर्डाची इच्छा दिसते." एकदा न्हाणीघरात साप निघाला. आई किंचाळली, "मास्तर, धावा, इथे साप आहे!" मास्तर धावले ते परसात लाकडं फोडणाऱ्या गड्याकडे. म्हणाले, "वहिनींनी घाबरून सांगितलं की तिथे साप होता." गडी म्हणाला, "होता ना? मंग गेला आसंल," आणि पुन्हा लाकडं फोडायला लागला.

अशा माणसाच्या हाती आमच्या घराचा सगळा दळणवळणाचा कारभार होता. आजोबा गेल्यावर घराच्या मधोमध भिंत आली. अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकू. विहीर तेवढी सामाईक राहिली. काकांना तिच्यावर पंप बसवायचा होता, अण्णांना वडिलांच्या हातचा रहाट हलू द्यायचा नव्हता. एवढ्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं आणि मधे मास्तर आले. अण्णा गरजायचे, "त्या दीडशहाण्याला सांगा, रहाटाला हात लावशील तर तंगडं मोडीन!" मास्तर कोट घालून भिंतीपलीकडे जायचे आणि म्हणायचे, "थोरल्यांना रहाटाची आणि आपल्या पायाची काळजी वाटते." काका उसळायचे, "म्हणावं, आधी डोक्यातला गाळ उपसा!" मास्तर परत येऊन सांगायचे, "धाकट्यांनी गाळ उपसण्याचा विषय काढला आहे." यावर अण्णांनी खरोखर माणसं बोलावून विहिरीतला गाळ काढून घेतला होता.

वर्षं गेली, पण घरात आवाज म्हणून चढला नाही. लोक मास्तरांना दुवा द्यायचे. आई मात्र चिडायची. "हे मध्ये नसते ना, तर दोघं एकदाचे कडाकडा भांडून मोकळे झाले असते!" काका तापाने फणफणले तेव्हा अण्णा भिंतीशी येरझारा घालत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, त्या गाढवाला म्हणावं, औषध घे रे बाबा." पलीकडे पोचलं ते असं, "थोरल्यांनी औषधोपचाराची शिफारस केली आहे." काकांनी कूस बदलली. "शिफारस म्हणे! सख्खा भाऊ आहे की कलेक्टर?"

मग ताईचं लग्न ठरलं. तिला खांद्यावर बसवून काकांनी ठाकुर्लीपर्यंत हिंडवलेलं. ती म्हणाली, "काका मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही." अण्णांनी अक्षतांची वाटी मास्तरांपुढे केली. "जा, सांगून या." आईने ती मधल्यामध्ये काढून घेतली.

"मास्तर, तुम्ही आज माडीवर बसा. अक्षत घरच्याच माणसानं द्यायची असते. अहो, उठा!"

"पण वहिनी, थोरले तिथे काहीबाही बोलतील..."

"बोलू देत की."

अण्णा टोपी घालून गेले, आणि काय सांगू! रहाट झाला, पंप झाला, तंगडं झालं, गाळ झाला. गल्ली गोळा झाली. माडीवर मास्तर कानांवर हात ठेवून बसले होते. शेवटी काकांचा आवाज फाटला, "मी तापात पडलेलो, तेव्हा फिरकलास का दादा?"

"गाढवा, औषध घे रे बाबा, म्हणून निरोप नव्हता धाडला?"

"गाढव म्हणालेलास तू मला? खरंच? मला तर शिफारस आली!"

पुढे काही ऐकूच येईना. दोघं रडत होते, असं काकूने नंतर सांगितलं. लग्नात काकांनी पंगती वाढल्या आणि अण्णांशी जिलबीवरून तीनदा भांडले.

त्यानंतर दोघे भाऊ दिवसभर ओटीवरच्या झोपाळ्यावर बडबडत बसायचे. मास्तर कोट घालून खाली यायचे, "काही निरोप?" विचारायचे, आणि "नाही हो मास्तर" ऐकून जिना चढायचे. मला फार वाईट वाटायचं. त्या माणसाला दुसरं घर नव्हतं. एका संध्याकाळी चहा आला, मास्तर तसेच जिन्याशी उभे होते. अण्णांनी शेजारी टेकून बसलेल्या काकांकडे पाहिलं आणि हाक मारली, "मास्तर, जरा धाकट्याला सांगा, चहा निवतोय."

काका लगेच तोंड फिरवून बसले. मास्तरांनी कोटाची बटणं लावली, घसा खाकरला. "थोरले म्हणतात की चहा निवत आहे."

"त्यांना म्हणावं," काका म्हणाले, "मास्तरांचा कप कुठाय?"

मास्तर अण्णांकडे वळले. तोंड उघडलं, पण तेवढा एक निरोप काही त्यांना सांगता आला नाही.